कृष्णेच्या गाळात काय साठते आहे, ते मोजा

प्रति,
सांगली-मिरज परिसरातील पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा, पाटबंधारे, प्रदूषण नियंत्रण आणि कृषी या विभागांचे जबाबदार अधिकारी व या भागाचे सर्व लोकप्रतिनिधी यांस,

सविनय नमस्कार.

मी हरिपूरच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या मळीत शेती करणारा शेतकरी आहे. कृष्णेच्या पाण्यात आणि तळाच्या गाळात प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण किती आहेत, याची तपासणी होते का, अशी लेखी विचारणा मी काही महिन्यांपूर्वी एका कार्यालयाकडे केली होती. हा घटक ठरलेल्या निकषांत नसल्यामुळे त्याची तपासणी केली जात नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. उत्तर सभ्य भाषेत होते. तरीही ते मुकाट्याने स्वीकारणे मला शक्य नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते आपणांस उद्देशून असले, तरी या नदीचे पाणी पिणाऱ्या आणि पिकाला देणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान असलेल्या प्लॅस्टिकच्या कणाला आज जगभर मायक्रोप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हा शब्द शास्त्रीय चर्चेत रूढ केला. त्या वेळी चर्चा समुद्राची होती. समुद्रात जाणारे प्लॅस्टिक बऱ्याच अंशी नद्यांतून जाते, आणि नद्यांत ते शहरांतून येते, हे पुढे स्पष्ट होत गेले. फेकलेल्या पिशव्या आणि बाटल्या हा त्याचा डोळ्यांना दिसणारा भाग झाला. न दिसणारा भाग आपल्या न्हाणीघरातून, रस्त्यावरून आणि शेतातून येतो. पॉलिस्टर, नायलॉन आणि अॅक्रिलिकचे कपडे धुताना त्यांचे तंतू सुटतात. सहा किलो अॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यात सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात, असे प्लिमथच्याच संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. वाहनांच्या टायरची झीज, रस्त्यावरच्या पट्ट्यांचा रंग, इमारतींचे रंग, थर्माकोलचा चुरा, सिमेंट-खताच्या विणलेल्या पोत्यांचे धागे, हे सारे पहिल्या पावसात गटारीत उतरते, गटारीतून नाल्यात जाते आणि नाल्यातून नदीत.

मळी म्हणजे काय, हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. तरी काही अधिकारी बाहेरून आलेले असतात म्हणून सांगतो. पूर ओसरला की नदी काठावर पोयट्याचा, म्हणजे सुपीक गाळाचा, थर ठेवून जाते; असा थर बसलेले काठचे रान म्हणजे मळी. या थराला आमच्या वाडवडिलांनी कधी नुकसान म्हटले नाही. उभे पीक गेले तरी रान सुपीक झाले, पुढच्या हंगामात खत कमी लागेल, असा त्यांचा हिशेब असे आणि तो खरा ठरत असे. कृष्णाकाठच्या वांग्यांना जी चव आहे ती या पोयट्याची आहे, असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. माझ्या घराचा संसार या गाळावर उभा राहिला आहे, आणि म्हणूनच गाळाबरोबर काय येते याची चौकशी करण्याचा माझा हक्क आहे, असे मी मानतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. त्यानंतर २०२१ साली पुन्हा महापूर आला. पाणी उतरल्यावर काठच्या बाभळींवर पुराची रेघ प्लॅस्टिकच्या चिंध्यांनी आखलेली होती, हे आपल्यापैकी ज्यांनी पाहणी दौरे केले त्यांनी पाहिले आहे. रानातल्या गाळात कॅरीबॅगचे तुकडे, गुटख्याच्या आणि शाम्पूच्या पुड्या, थर्माकोलचे मणी आणि पोत्यांचे धागे मिसळलेले होते. मोठे तुकडे आम्ही मजूर लावून वेचले. जे वेचता आले नाही ते उन्हाने ठिसूळ झाले, रोटाव्हेटर फिरला तसे आणखी बारीक झाले, आणि आता ते मातीतून वेगळे काढणे कोणत्याही माणसाच्या हाताला शक्य नाही. ढेकूळ फोडले तर निळे-हिरवे धागे आत दिसतात. डोळ्यांना दिसतात ते एवढे. त्याहून लहान किती असतील याचा अंदाज आपल्याकडे उपकरणे असल्यामुळे आपणच करू शकता.

इथे एका अभ्यासाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते, कारण तो जणू आपल्याच नदीबद्दल आहे. मँचेस्टर शहराच्या परिसरातील नद्यांच्या तळगाळाचे नमुने तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी ४० ठिकाणी तपासले. सर्वाधिक दूषित ठिकाणी एका चौरस मीटर तळात प्लॅस्टिकचे पाच लाखांहून अधिक कण आढळले. त्यानंतर २०१५-१६ च्या हिवाळ्यात तेथे मोठे पूर आले, आणि पुरानंतर पुन्हा तपासले तेव्हा तळात साठलेल्या कणांपैकी सुमारे ७० टक्के वाहून गेलेले होते. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच संशोधकांनी २०२१ साली पुढचा निष्कर्ष मांडला तो अधिक महत्त्वाचा आहे: नदीच्या तळात कण इतक्या दाट प्रमाणात साठतात, याचे मुख्य कारण नदीला पाणी कमी असताना तिच्यात सोडले जाणारे प्रक्रिया न केलेले सांडपाणी हे आहे. वाहत्या, भरल्या नदीत कण पसरतात; संथ नदीत ते जागीच बसतात.

आता हे आपल्याकडे लावून पाहा. जानेवारीपासून मेपर्यंत बंधाऱ्यांमुळे कृष्णा जागोजागी संथ, जवळजवळ उभी असते. याच महिन्यांत शहराचे सांडपाणी तिच्यात येत राहिले, तर त्यातील तंतू आणि कण बंधाऱ्यामागच्या गाळात बसतात. ऑगस्टमध्ये पूर येतो आणि तो साठा उचलून काठच्या मळीत आणि खाली अंकली, मिरज, म्हैसाळच्या दिशेने नेतो. म्हैसाळ योजनेचे पंप हेच पाणी उचलून कवठेमहांकाळ आणि जतच्या रानांपर्यंत पोहोचवतात. पिढ्यानपिढ्या दुष्काळ सोसून त्या तालुक्यांना हे पाणी मिळाले आहे; त्यात शहरांचे प्लॅस्टिक किती जाते आहे, हे त्यांना सांगणारा कागद आज कोणत्याही कार्यालयात नाही.

माझी पहिली तक्रार या न मोजण्याबद्दलच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले आणि त्यांत ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्राचे होते. ही यादी ठरते ती पाण्यातील बीओडीवरून, म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्यावरून. हे माप उपयोगाचे आहे, त्याबद्दल वाद नाही. मार्च २०२३ मध्ये कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला तेव्हा सारे शहर घाटावर धावले, कारण प्राणवायू संपला की मासा लगेच मरतो आणि डोळ्यांना दिसतो. प्लॅस्टिकचा कण कुजत नाही, म्हणून तो बीओडीत येत नाही. पाण्याचा रंग आणि वासही बदलत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, त्याला मर्यादा घालून दिलेली नाही. त्यामुळे उद्या बीओडी सुधारला आणि आपला पट्टा यादीतून बाहेर पडला, तरी तळातला हा साठा तसाच वाढत राहू शकतो.

निकषात नाही म्हणून तपासता येत नाही, हे म्हणणे मात्र कायद्याला धरून नाही. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्याच्या कलम १७ मध्ये राज्य मंडळाच्या कामांत संशोधन आणि तपासण्या करणे, तसेच सांडपाण्याचे निकष ठरवणे व बदलणे हेही दिलेले आहे. अभ्यास आधी होतो आणि निकष त्यावरून ठरतो. युरोपीय संघाने २०२० च्या पेयजल निर्देशात मायक्रोप्लास्टिक मोजण्याची पद्धत ठरवण्याचे बंधन घालून घेतले आणि २०२४ साली ती पद्धत निश्चित केली. आपल्याच देशात टॉक्सिक्स लिंक या संस्थेने हरिद्वार, कानपूर आणि वाराणसी येथे गंगेचे पाणी तपासून तीनही ठिकाणी हे कण असल्याचे २०२१ साली दाखवले. गंगेबाबत जे होऊ शकले ते कृष्णेबाबत का होऊ नये?

दुसरी तक्रार सांडपाण्याची आहे आणि ती जुनी आहे. शहराचे सांडपाणी वाहणाऱ्या शेरीनाल्याचे पाणी नदीत मिसळते, हे वाक्य ऐकत या शहराची एक पिढी म्हातारी झाली. नाल्याचे पाणी धुळगावकडे वळवण्याची योजना झाली, मैलाशुद्धीकरणाच्या योजना झाल्या, खर्चही झाला. परंतु कोणत्या दिवशी किती सांडपाणी तयार झाले, त्यातले किती शुद्ध झाले आणि पंप बंद पडल्यामुळे किती तसेच नदीत गेले, हे नागरिकाला रोज पाहता येईल अशी नोंद कुठेही लावलेली मला दिसलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात स्थानिक संस्थांना सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारण्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली होती. ती मुदत उलटूनही बराच काळ लोटला आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये मलनिस्सारण हे महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत येते. ते निधी उरला तर करायचे काम नाही.

सूक्ष्म प्लॅस्टिकच्या दृष्टीने या केंद्रांचे महत्त्व फार मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार चांगल्या रीतीने चालणारे सांडपाणी प्रक्रिया केंद्र ९० टक्क्यांहून अधिक कण पाण्यातून काढू शकते. म्हणजे यासाठी नवी, महागडी यंत्रणा शोधत बसण्याची पहिली गरज नाही. आहे ती यंत्रणा अखंड चालवणे आणि अपुरी आहे तिथे पुरी करणे, यानेच प्रश्नाचा मोठा वाटा सुटतो. परंतु पाण्यातून काढलेले कण नाहीसे होत नाहीत, ते मैलागाळात जातात. तो गाळ खत म्हणून शेतकऱ्याला दिला गेला, तर नदीतून वाचवलेले प्लॅस्टिक रानात पसरते. तसेच जलशुद्धीकरणात तुरटी आणि वाळूच्या गाळण्या कणांचा मोठा भाग अडवतात, पण त्या गाळण्या धुतल्यावर निघणारे पाणी कुठे सोडले जाते, याला उत्तर असले पाहिजे. ते नाल्यातून पुन्हा नदीत येत असेल, तर आपण तेच कण फिरवत बसलो आहोत.

तिसरी गोष्ट थोडक्यात मांडतो, कारण ती सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना मार्च २०१८ मध्ये काढली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग बंद केली. आज सांगलीच्या कोणत्याही भाजीबाजारात उभे राहिले, तर यांपैकी किती अमलात आले ते पाच मिनिटांत समजते. चार दिवस धाडी पडतात, किरकोळ विक्रेत्याला दंड होतो, आणि पिशव्या जिथून येतात तो घाऊक व्यवहार चालू राहतो. भाजीवाल्या मावशींना दंड करून नदी स्वच्छ होणार नाही. पुलावर गाडी थांबवून निर्माल्य पिशवीसकट खाली टाकले जाते, तिथे मात्र कुणी उभा नसतो.

चौथी तक्रार पुरानंतरच्या कामाची. महापुरानंतर शहरातून गाद्या, फर्निचर, पोती, खोकी यांचा डोंगर निघतो आणि तो हलवण्याची घाई समजण्यासारखी आहे. पण हा कचरा ओढ्याकाठी किंवा नदीच्या पूररेषेत तात्पुरता म्हणून टाकला, की पुढच्या पावसात तो नदीचाच होतो. पूर ओसरल्यानंतर आणि पहिली नांगरट होण्यापूर्वी जे थोडे दिवस मिळतात, त्यांत काठचे मोठे प्लॅस्टिक उचलले गेले तर ते मातीत बारीक होण्याचे टळते. पंचनाम्याच्या अर्जात पिकाचे नुकसान विचारले जाते, जनावरांचे विचारले जाते, घराचे विचारले जाते. रानात किती प्लॅस्टिक येऊन पडले, हे विचारणारा रकाना त्यात असावा.

शेतीचा वाटाही यात आहे आणि तो स्पष्ट लिहिला पाहिजे. मल्चिंग पेपर (पिकाच्या बुडाशी अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद), ठिबकच्या जुन्या नळ्या, रोपवाटिकांचे ट्रे, फळांवर आणि बागांवर घालायची आच्छादने, हे सर्व गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यात सरसकट वापरात आले. अनुदान देताना कागद घालण्याची शिफारस होते. हंगाम संपल्यावर फाटलेला कागद कुठे द्यायचा, याची व्यवस्था गावात नाही. शेतकरी तो बांधावर पेटवतो किंवा नांगराखाली घालतो. मातीत राहिलेल्या पॉलिथिनमुळे गांडुळांची वाढ खुंटते आणि मरतूक वाढते, हे २०१६ च्या एका प्रयोगात दिसले आहे. गव्हाच्या आणि लेट्यूस या सॅलडच्या भाजीच्या रोपांची मुळे अतिसूक्ष्म कण आत घेऊ शकतात, हे चीनमधील संशोधकांनी २०२० साली दाखवले. माझ्या वांग्यात असे काही आहे, असा माझा दावा नाही. मला ते तपासून हवे आहे.

माणसाच्या आरोग्याबद्दल मी जपून लिहितो, कारण भीती पसरवणे हा या पत्राचा हेतू नाही. नेदरलँड्समध्ये २०२२ साली २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिकचे अंश आढळले. इटलीतील डॉक्टरांनी २०२४ साली मानेच्या रक्तवाहिनीतील चरबीचे थर तपासले आणि ज्यांच्या थरात हे कण होते, त्या रुग्णांत पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका साडेचार पट असल्याचे नोंदवले. कणांमुळेच हे घडले, असे त्या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही आणि तसे ते डॉक्टर म्हणतही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनेही पुरावा अजून अपुरा असल्याचे सांगून अधिक अभ्यासाची गरज व्यक्त केली आहे. पुरावा अपुरा असताना नदीकाठच्या शहराने निदान मोजमाप सुरू करावे, इतकेच मी म्हणतो.

या सर्वांवरून माझ्या मागण्या अशा आहेत.

शहराच्या वरच्या बाजूला, शेरीनाल्याच्या खाली, हरिपूरच्या संगमाजवळ आणि म्हैसाळच्या पंपांपाशी नदीचे पाणी आणि तळगाळ या दोहोंचे नमुने वर्षातून किमान दोनदा, मे महिन्यात आणि पूर ओसरल्यावर, घेतले जावेत. त्याच वेळी शुद्धीकरण केंद्रातून निघणारे पिण्याचे पाणी, गाळण्या धुतलेले पाणी आणि मळीतील माती हेही तपासावे. तपासणीचे काम शिवाजी विद्यापीठ किंवा वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या जवळच्या संस्थांना करारावर देता येईल. विद्यार्थ्यांना अभ्यास मिळेल आणि खर्चही आटोक्यात राहील. निष्कर्ष मराठीत आणि आकड्यांसह प्रसिद्ध करावेत, वाईट असले तरी.

कोरड्या महिन्यांत प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदीत जाणार नाही, यासाठी नाल्यानिहाय आणि तारीखनिहाय कार्यक्रम जाहीर करावा. पंप बंद पडला तर किती तास बंद होता आणि किती पाणी नदीत गेले, याची नोंद त्याच दिवशी जाहीर व्हावी. नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या बसवाव्यात, आणि त्या रोज साफ करण्याची जबाबदारी कुणाची हे ठरवून द्यावे. झाडलेली रस्त्याची धूळ गटारीत लोटण्याची पद्धत बंद करावी. टायरच्या कणांचा मार्ग तिथूनच सुरू होतो.

मैलागाळ तपासल्याशिवाय शेतीसाठी देऊ नये. पूररेषेत कचऱ्याचा तात्पुरता साठा करण्यास लेखी मनाई करावी आणि पुरानंतरच्या प्लॅस्टिक वेचणीसाठी ग्रामपंचायतींना मजुरी मंजूर करावी. नदीकाठच्या महिला बचत गटांना हे काम दिले, तर ते नीट होईल याची मला खात्री आहे. मल्चिंग पेपर आणि ठिबकच्या नळ्या परत घेण्याचे केंद्र प्रत्येक तालुक्याच्या बाजार समितीत असावे. बंदी असलेल्या पिशव्यांबाबत कारवाई साठा करणाऱ्यांपासून सुरू करावी.

शेवटची मागणी कारभाराची आहे. पाणी एका विभागाकडे, नाला दुसऱ्याकडे, बंधारा तिसऱ्याकडे आणि शेत चौथ्याकडे, अशी आज विभागणी आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्याला एका दारातून दुसऱ्या दारात पाठवले जाते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली या सर्व विभागांची एक समिती नेमावी, तिच्यात नदीकाठच्या गावांचे आणि जत-कवठेमहांकाळच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांचे प्रतिनिधी घ्यावेत आणि बैठकीचे इतिवृत्त सर्वांना वाचायला मिळावे.

नमुने घेण्यासाठी माझे रान आपल्याला केव्हाही खुले आहे. सांगलीपासून म्हैसाळपर्यंतच्या काठावरचे इतर शेतकरीही नकार देणार नाहीत, असे त्यांच्याशी बोलून लिहितो आहे. पहिले नमुने येत्या मे महिन्यात, नदीची पातळी सर्वांत खाली असताना घेतले जातील का, याचे लेखी उत्तर आपण जाहीरपणे द्यावे, अशी विनंती आहे.

आपला,
कृष्णाकाठचा एक शेतकरी
हरिपूर, ता. मिरज, जि. सांगली